दूरचा डोंगर दूरच दिसावा म्हणून

पर्वतीवरून नैर्ऋत्येला पाहा. सिंहगडाची रांग निळसर करडी दिसते. पावसाळ्यात तो डोंगर हिरवागार असतो, तरी तो हिरवा आपल्यापर्यंत पूर्ण पोचत नाही, कारण मधली हवा आणि बाष्प प्रकाश विखुरतात. निसर्गचित्र शिकताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. डोंगर म्हणजे हिरवा, असं डोक्यात पक्कं असतं. तो तसाच रंगवला की पुढच्या झाडाला येऊन चिकटतो.

जलरंगात आकाशापासून सुरू करून मागून पुढे या. शेवटच्या रांगेला अल्ट्रामरीन ब्लूमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि पाणी भरपूर. हा थर पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर कडा फुटतात. पुढच्या टेकडीला त्याच मिश्रणात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला, पाणी कमी करा. खरा हिरवा आणि सगळ्यात गडद छटा समोरच्या झाडांसाठी राखून ठेवा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा गडद वाटला तरी घाबरू नका.

छटा ठरवताना डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात, उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. रंगाआधी तेवढेच पेन्सिलीने छोट्या चौकटीत मांडून घ्या. माझ्या मते हे रेखाटन महागड्या ब्रशपेक्षा जास्त उपयोगी आहे.

एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पसरण्याआधीच वाळतो. तेव्हा ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद मागूनही ओला करून घ्या, आणि सकाळी लवकर बसा.