परदेशातील शाळेत देवाणघेवाणीसाठी जाताना: ठाणे-नवी मुंबईतील पालकांसाठी

नववी-दहावीतील मुलाला परदेशातील शाळेत पाठवायचे ठरले की घरात पहिली चर्चा स्वेटरची आणि खाऊची होते. माझी मुलगी नववीत असताना शाळेच्या देवाणघेवाण कार्यक्रमातून साडेतीन आठवड्यांसाठी जर्मनीला गेली, तेव्हा आमच्या नौपाड्यातील घरीही तसेच झाले. नंतर लक्षात आले की खरेदी शेवटच्या पंधरवड्यातही उरकता येते. कागदपत्रांची आणि मुलाच्या मनाची तयारी मात्र सहा महिने आधी सुरू केली तरच पुरी होते.

प्रथम कार्यक्रमाचा प्रकार ठरवावा. दोन शाळांमधील थेट देवाणघेवाण बहुधा काही आठवड्यांची असते. शिक्षक सोबत जातात आणि मुले तिथल्या विद्यार्थ्यांच्या घरी राहतात. रोटरीचा युवा देवाणघेवाण कार्यक्रम १५ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असून वर्षभराच्या मुक्कामात मूल सहसा एकाहून अधिक कुटुंबांत राहते. आईवडील रोटरीचे सभासद असण्याची अट नसते, त्यामुळे जवळच्या क्लबकडे विचारणा करताना संकोच करू नये. ‘एएफएस’ ही संस्था १९१५ मध्ये युद्धभूमीवरील रुग्णवाहिका सेवा म्हणून सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शालेय विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीकडे वळली. तिचे कार्यक्रम भारतातही चालतात. माझे मत असे की, मूल याआधी घराबाहेर एकटे राहिलेले नसेल तर पहिली खेप लहान असावी. वर्षभराचा मुक्काम अकरावीत येणार असेल, तर हजेरी, परीक्षा आणि परत आल्यावर कोणत्या वर्गात बसवणार, याची शाळेकडून किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून लेखी हमी घ्यावी. तोंडी आश्वासनावर एक वर्ष पणाला लावू नये.

कागदपत्रांत सर्वाधिक त्रास नावाचा होतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, जन्मदाखल्यावर कधी केवळ मुलाचे नाव असते आणि आधारकार्डावर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच निघते. माझ्या मुलीच्या नावात एका कागदावर ‘आय’ आणि दुसऱ्यावर दोन ‘ई’ होते. एवढ्या एका अक्षरासाठी दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कोर्टनाक्याच्या फेऱ्या यांत पाच आठवडे गेले. म्हणून पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी जन्मदाखला, आधारकार्ड आणि शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र टेबलावर शेजारीशेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर आणि जन्मतारीख ताडून पाहावी. ठाण्यातील पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट ५ वर्षे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालतो. १५ वर्षे पूर्ण झाली असतील तर १० वर्षांचा पर्याय घेता येतो. लहानपणी काढलेला पासपोर्ट कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण शेंगेन देशांसाठी (म्हणजे जर्मनीसह एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांसाठी) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी लागते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सोबत ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा प्रवास विमा आवश्यक असतो. अमेरिकेतील शाळेत देवाणघेवाणीसाठी जे-१ व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज करण्यापूर्वी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून डीएस-२०१९ हा कागद यावा लागतो. आई आणि वडील दोघांच्याही सहीचे, नोटरी केलेले संमतिपत्र दोन प्रतींत तयार ठेवावे.

लसीकरणाचे कार्ड शोधून डॉक्टरांकडून इंग्रजीत नोंदी करून घ्याव्यात. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगते. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी लस दिली जात असल्याने क्षयरोगासाठीची त्वचेवरची चाचणी, रोग नसतानाही, कधीकधी सकारात्मक येते. तिथल्या शाळेने ही चाचणी मागितलीच, तर ‘इग्रा’ ही रक्तचाचणी चालेल का, असे आधीच विचारावे, कारण तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आता मुलाच्या मनाच्या तयारीविषयी, जी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या घरांत पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो आणि यजमान आग्रह करून वाढतो. त्या ‘नको’चा अर्थ नकार नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते. माझ्या मुलीला पहिल्या संध्याकाळी यजमान आईने विचारले, “आणखी ब्रेड हवा का?” एकच काप खाऊन झाला होता आणि भूक तशीच होती, तरी सवयीने ती “नको” म्हणाली. टोपली शांतपणे उचलली गेली. जर्मन घरांत संध्याकाळचे जेवण अनेकदा ब्रेड, चीज आणि काकडी-टोमॅटो एवढेच असते, त्यामुळे पुढे गरम काही येईल ही तिची अपेक्षाही फोल ठरली आणि ती उपाशीपोटी झोपली. त्या घरच्यांचा यात काहीच दोष नव्हता, त्यांनी तिच्या शब्दाचा मान ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, पण मी तिला एवढेच म्हटले, “बाळा, हवे असेल तर हो म्हण, आणि भूक लागली तर आपणहून सांग.” हे वाक्य निघण्यापूर्वी महिनाभर घरी घोकून घ्यायला हवे होते.

म्हणून जाण्यापूर्वी काही आठवडे मुलाला घरात स्वतःच्या गरजा पूर्ण वाक्यात सांगायची सवय लावावी, जेवणानंतर स्वतःचे ताट उचलून घासायला लावावे आणि कपडे धुण्याचे यंत्र त्याच्याकडूनच चालवून घ्यावे. खाण्याची पथ्ये यजमान कुटुंबाला आधीच स्पष्ट कळवावीत. जपानला जाणाऱ्या शाकाहारी मुलाच्या बाबतीत केवळ ‘मांस नको’ असे लिहून भागत नाही, कारण तिथल्या साध्या मिसो सूपचा अर्कही बहुधा माशापासून काढलेला असतो. फोनची वेळही ठरवून घ्यावी. आम्ही आठवड्यातून दोनदा बोलत असू. रोज बोलणाऱ्या मुलांचे मन तिथे रुजायला वेळ लागतो, असे मी तिच्या गटातील इतर पालकांकडूनही ऐकले.

सामानाबाबत थोडक्यात: पॉवर बँक हातातील बॅगेतच ठेवावी, १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटल्या तिथे ठेवू नयेत, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात, कारण ज्वलनशील मानल्या जात असल्याने विमानात त्यांना मनाई आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाताना लाडू-चिवड्यासह सर्व खाद्यपदार्थ आगमनपत्रात जाहीर करावेत. तिकिटावर मुंबईचा बीओएम हा संकेत आहे की नवी मुंबईचा एनएमआय, हेही पाहून ठेवावे.

तिथल्या वर्गात आपल्या गावाविषयी बोलायला सांगतात. ताजमहालाची चित्रे नेण्याऐवजी, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी आपल्या ठाण्यात आली होती, हे मुलाने सांगावे आणि ठाण्याच्या खाडीवर येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे स्वतः काढलेले छायाचित्र दाखवावे. आणि परतफेडीच्या भेटीत तिकडची मुलगी आपल्या घरी राहायला आली की तिला पहिल्याच दिवशी गीझर कसा लावायचा, पिण्याचे पाणी कोणत्या भांड्यातून घ्यायचे आणि खोलीचे दार आतून कसे बंद होते, हे दाखवावे. ती “नको” म्हणाली, तर तिला आग्रह करू नये.