माशाला वर चढवलं, खाली आणायचं राहिलं

धरणांमुळे नदीतल्या माशांचं काय होतं ते संगणकावर चालवून बघणारं मॉडेल मी बनवलं. त्या पहिल्या मॉडेलमध्ये चाळीस वर्षांत एकही मासा टर्बाइनमध्ये सापडून मेला नाही. हे मला सात महिने कळलं नाही. माझ्या गाइडलाही कळलं नाही. कळलं ते धरणावर मासे मोजणाऱ्या एका तंत्रज्ञाला. तेही त्याने जेवणाच्या सुट्टीत, सँडविच खाता खाता माझ्या लॅपटॉपवरचा आलेख बघितला म्हणून.

या क्षेत्रात येऊ बघणाऱ्यांचे मेल मला येतात. बहुतेकांना आर ही संगणकाची भाषा येते, बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) किंवा पर्यावरणशास्त्र झालेलं असतं, स्थलांतरित माशांचं जीवनचक्र पाठ असतं. ते पुन्हा सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते त्या सात महिन्यांबद्दल.

मी वापरत होते ते शॅडिया, आरमधलं एक मुक्त स्रोत पॅकेज, म्हणजे कोणालाही उघडून वाचता येणारा तयार प्रोग्राम. अमेरिकन शॅड या माशावर नदीतल्या धरणांचा काय परिणाम होतो, ते त्यात वर्षामागून वर्ष चालवून बघता येतं. शॅड हा हेरिंगच्या गोतावळ्यातला. आपण ज्याला भिंग किंवा पाला म्हणतो आणि बंगाली लोक इलिश म्हणून जीव टाकतात, त्याचा लांबचा भाऊबंद. वाढतो समुद्रात, वसंतात अंडी घालायला नदीत चढतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पेनॉबस्कॉट नदीवरचा, याच मॉडेलचा डॅनियल स्टिच आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये आला. कनेक्टिकट, ससक्वेहॅना अशा नद्यांसाठीही पॅकेजमध्ये मॉडेलं आहेत. मला ओढ पेनॉबस्कॉटची होती. तिथे २०१२ मध्ये ग्रेट वर्क्स आणि २०१३ मध्ये व्हीझी ही समुद्राच्या बाजूची दोन धरणं पाडली, हाउलंडच्या धरणाला वळसा घालणारा ओढ्यासारखा मार्ग खोदला आणि उरलेल्या धरणांवर वीजनिर्मिती वाढवली. ‘धरण काढलं तर काय?’ हा प्रश्न त्या नदीने प्रत्यक्ष अंगावर घेतलाय.

आता माझा खड्डा. जरा पाल्हाळ लागेल, पण इथेच थांबून वाचा.

समजा, नदीवर ओळीने चार धरणं आहेत आणि प्रत्येकावर माशांसाठी लिफ्ट आहे. लिफ्ट म्हणजे पाण्याचा झोत सोडून मासे एका हौदात बोलवायचे आणि तो हौद उचलून वर रिकामा करायचा. प्रत्येक लिफ्ट शंभरातले नव्वद मासे पार करते. नव्वद टक्के हा आकडा फार गोड आहे, ऐकलं की सगळे माना डोलावतात. पण चार धरणं म्हणजे ०.९ चा चौथा घात, ०.६५६. हजार शॅड निघाले तर ६५६ सगळ्यात वर पोचले. इतका हिशेब कोणीही करतं. मीही केला आणि स्वतःवर खूश झाले.

पॅसिफिक सामन असता तर गोष्ट इथेच संपली असती, कारण तो अंडी घालतो आणि मरतो. उत्तरेकडच्या नद्यांतला शॅड मात्र अंडी घालून समुद्रात परततो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. (फ्लोरिडाच्या बाजूच्या नद्यांतला एकदाच अंडी घालून मरतो. जात तीच, अक्षांश बदलला की आयुष्याचा बेत बदलतो. मला हे अजूनही अजब वाटतं.) म्हणजे वर गेलेल्या ६५६ माशांना तीच चार धरणं उतरून यायचंय. उतरताना प्रत्येक धरणावर नव्वद टक्के वाचले तर समुद्रात पोचतात ४३०. ऐंशी टक्के वाचले तर २६९. आणि माझ्यासारखं उतरण्याच्या रकान्यात सगळीकडे १ ठेवलंत तर ६५६ च्या ६५६, ठणठणीत.

हा फरक एका वर्षाचा नाही. जी मादी परत येते ती दरवर्षी मोठी होऊन येते आणि मोठी मादी जास्त अंडी घालते. खाली उतरताना तुम्ही मारता ती पुढच्या काही वर्षांची अंडी. शिवाय पिल्लं! शरद ऋतूत बोटाएवढी पिल्लं समुद्राकडे निघतात, तीही याच टर्बाइनांमधून. मी तिथेही १ ठेवला होता.

तो १ आला कुठून? सीनियरच्या स्क्रिप्टमधून. ती फक्त वर चढण्याचा अभ्यास करत होती, म्हणून तिने उतरण्याचं सगळं १ करून बाजूला ठेवलं होतं. तिच्यासाठी ते बरोबरच होतं. मी फाइल उचलली, नदी तीच ठेवली आणि प्रश्न बदलला. तिथे चुकून ० पडला असता तर दोन-तीन पिढ्यांत मासे संपले असते आणि मी त्याच दिवशी शोधत बसले असते. शून्याची चूक बोंबलते. एकाची चूक गुळगुळीत, चढता आलेख काढून देते, आणि चढता आलेख कोणी तपासत नाही.

तंत्रज्ञाने विचारलं होतं ते एवढंच: “वर कसे गेले ते दिसतंय. खाली कसे आले?”

“पाण्याबरोबर,” मी म्हणाले.

“कुठल्या पाण्याबरोबर?”

धरणावरून पाणी तीन वाटांनी उतरतं: सांडव्यावरून, माशांसाठी काढलेल्या बाजूच्या वाटेने, नाहीतर टर्बाइनमधून. कोरड्या आठवड्यात सांडवा बंद असतो आणि जवळजवळ सगळं पाणी यंत्रातून जातं. त्याच्यासाठी हा रोजचा विषय होता. माझ्यासाठी ते एका कंसातले चार १ होते.

आकडे दुरुस्त करून मॉडेल पुन्हा चालवलं तेव्हा खरी वाट लागली. माझा निष्कर्ष होता, ‘लिफ्ट सुधारा, मासे वाढतील.’ उतरताना बरेच मासे मरतात असं धरलं, की काही मांडण्यांमध्ये लिफ्ट सुधारल्यावर मासे कमी होऊ लागले! पहिल्या धरणाखाली अडकलेला मासा तिथेच खाली अंडी घालून सुखरूप परतत होता. आता आपण त्याला कौतुकाने चार धरणं वर नेतो आणि परतीच्या वाटेवर कापतो. दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या जलाशयांवरच्या मत्स्यमार्गांबद्दल ब्राझीलच्या संशोधकांनी २००८ मध्येच हा इशारा दिला होता, ‘पारिस्थितिक सापळा’ असा शब्द वापरून. मी तो निबंध वाचलेला होता. खुणाही केलेल्या होत्या.

म्हणून एक सवय लावा. मॉडेल चालवण्याआधी कागदावर हजार मासे घ्या, वर न्या, खाली आणा. मग मॉडेलमध्ये उतरण्याचा एकेक आकडा मुद्दाम ० करा. संख्या कोसळली तर तो आकडा जोडलेला आहे. नाही कोसळली तर तुम्ही सजावट करताय.

बाकीचं भराभर. पार होण्याची टक्केवारी वेळेशिवाय निरर्थक आहे. नव्वद टक्के मासे एका दिवसात पार झाले आणि नव्वद टक्के दहा दिवसांत पार झाले, यातला फरक चार धरणांवर मिळून अख्खा हंगाम खातो. तोवर पाणी तापतं, धरणाखाली ताटकळणारा मासा अंगातली चरबी जाळत राहतो. दुसरं, माग काढायला टॅग लावलेल्या शॅडचे आकडे जपून घ्या. हा मासा फार नाजूक, नुसता हाताळला तरी बिचकून माघारी वळतो आणि प्रवाहाबरोबर खाली जातो. तो तुमच्या टॅगला घाबरलाय, लिफ्टला नाही. तिसरं, मॉडेल प्रत्येक धावेला आकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलतं. एका धावेवर निष्कर्ष काढू नका. पाच धावांवरही नाही. शेकड्यांनी चालवा, रात्रभर चालू द्या, झोपा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घ्या, माझी हरकत नाही, मीही घेते. पण मुक्त स्रोत असण्याचा मोठा फायदा फुकट मिळणं हा नाहीच. फंक्शन उघडून आत काय चाललंय ते ओळीओळीने बघता येतं, फायदा तो आहे. मी ते सात महिन्यांत एकदाही उघडलं नाही. उघडलं तेव्हा दोन दुपारी पुरल्या. प्रमाणपत्रांच्या कोर्सवर पैसे घालवण्याआधी या दोन दुपारी घालवा.

गाइडबद्दलही एक. आलेख बघून लगेच ‘छान’ म्हणणारा गाइड मोठ्या नावाचा असला तरी कामाचा नाही. लॅबमध्ये, धरणावर, बंदरावर असा एक माणूस हेरून ठेवा, जो तुमच्या पदवीला अजिबात भीत नाही. त्याला चहा पाजा, किंवा तिकडे असाल तर कॉफी. मी मोसमभर त्या तंत्रज्ञाबरोबर खिडकीतून मासे मोजले. तेवढं शिक्षण मला कुठल्याच सेमिनारात मिळालं नाही.

आणि घाबरू नका, खरंच. गणित कच्चं आहे म्हणून कितीजण आधीच माघार घेतात. वर जो हिशेब केला तो सहावीचा आहे. इथे अडतं ते मासा नेमकं काय करतो हे माहीत नसण्यावर. भरती-ओहोटी बघत वाढलेल्या, जाळ्यात काय आलंय ते लांबून ओळखणाऱ्या कोकणातल्या पोरांना त्या बाबतीत उलट थोडी आघाडीच आहे.

इलिशवर असं काही करायचं मनात असेल (फरक्क्याचा बंधारा १९७५ पासून उभा आहे, त्याआधी इलिश गंगेत पार अलाहाबादच्याही वर जात असे), तर शॅडचे आकडे उचलून नावं बदलू नका. मासा कोणत्या वयात पक्व होतो, किती अंडी घालतो, पाणी किती तापलं की निघतो, हे सगळं इलिशचंच लागेल. सांगाडा उसना चालतो, रक्त चालत नाही.

सीनियरला मी ही चूक कळवली तेव्हा ती प्रबंध देऊन मोकळी झाली होती. पुण्याचीच ती, लगेच फोन आला.

“माझं काम फक्त वर चढण्याबद्दल होतं ना गं,” ती म्हणाली. “शीर्षकातच लिहिलंय.”

मी म्हटलं, हो, तुझं काहीच चुकलेलं नाही. मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

“ती फाइल मी आणखी तिघांना दिलीय.”