फोर्टात स्वस्त बेड: डॉर्मिटरीत दोन-तीन रात्री काढायच्या तर

मंत्रालयात काम आहे, हायकोर्टात तारीख आहे किंवा मुलाखतीचं बोलावणं आलंय, आणि लॉजची खोली खिशाला झेपत नाही. अशा वेळी मुंबईतल्या फोर्ट, कुलाबा, सीएसएमटी या पट्ट्यात डॉर्मिटरीतला, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीतला, एक बेड घ्यावा. साधारण ५०० ते १२०० रुपये रात्रीला पडतात. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरअखेर भाव चढतो. या प्रकारात गादी वाईट म्हणून क्वचितच कोणी फसतं. बहुतेकांची फजिती होते ती वेळेच्या हिशोबात.

पण आधी जागा बघा. काम टाटा किंवा केईएम रुग्णालयात असेल तर फोर्टात राहून उपयोग नाही, परळ-दादरकडेच बघावं. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायचं असेल तर मात्र फोर्ट आता चालतं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे, त्यामुळे सीएसएमटीहून बीकेसीला गाडी न बदलता जाता येतं. मंत्रालयासाठी याच मार्गावरचं विधान भवन स्टेशन जवळ पडतं. जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’वर विसंबू नका, नकाशावर पायी अंतर काढा. सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाड्या ८ ते १८ नंबरच्या फलाटांवर लागतात आणि १८ च्या बाजूने पी. डि’मेलो रस्त्यावर बाहेर पडता येतं. तुमची जागा त्या अंगाला असेल तर मुख्य इमारतीतून बाहेर येऊन, सामान घेऊन अख्ख्या स्टेशनला वळसा घालायची गरज नाही.

बुकिंगआधी फोन करा. पहिला प्रश्न ओळखपत्राचा. मूळ कार्ड लागतं का, आणि मुंबईच्या पत्त्याचं आधार चालतं का? बऱ्याच जागा स्थानिक पत्त्याच्या माणसाला बेड देत नाहीत. गाव साताऱ्याचं पण आधारवर पत्ता कांदिवलीचा, अशांची पंचाईत काउंटरवर होते, तीही पैसे भरून झाल्यावर. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते सहसा चालत नाही. काही हॉस्टेलांना वयाची मर्यादा असते. वडिलांना घेऊन येणार असाल तर हे आधीच विचारा. बाईमाणूस एकटी येणार असेल तर बायकांची खोली वेगळी आहे का, आणि तिचं न्हाणीघरही वेगळं आहे का, हे दोन्ही विचारायचं. भाड्यात जीएसटी धरलाय का तेही. दिवसाचं भाडं ७५०० पर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे. त्याहून जास्त दाखवला तर हिशोब मागा.

आता वेळेचं. विदर्भ, देवगिरी, महालक्ष्मी, कोकणकन्या या रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत आणून सोडतात. डॉर्मिटरीचा चेक-इन मात्र दुपारी १२ किंवा २ ला. मधल्या पाच-सात तासांत अंघोळ, कपडे आणि सामान यांचं काय करणार? ‘सकाळी ७ ला पोचतोय, बॅग ठेवून अंघोळ करता येईल का, त्याचे किती?’ असं फोनवर स्पष्ट विचारा आणि उत्तर मेसेजमध्ये लिहून मागवा. रात्रपाळीच्या माणसाने हो म्हटलेलं सकाळच्या माणसाला ठाऊक नसतं. काही जुन्या लॉजांत २४ तासांची पद्धत असते, म्हणजे ७ ला आलात तर दुसऱ्या दिवशी ७ पर्यंत. तुमच्या गाडीला ती जास्त सोयीची.

दुसरा पर्याय रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा, म्हणजे स्टेशनवरच्याच मुक्कामाच्या खोलीचा. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर आगाऊ बुक होते. वेटिंगवर होत नाही. एका दिवसाचं काम असेल तर याहून सोपं काही नाही, पण जागा लवकर भरतात. नुसतं सामानच ठेवायचं असेल तर स्टेशनची क्लोकरूम आहे. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा दोरीने बांधलेली पिशवी नेऊ नका.

सोबत काय हवं? कुलूप. लॉकर असतो, कुलूप तुमचं. घरच्या दाराचं जाड कुलूप लॉकरच्या कडीत शिरत नाही; पाच-सहा मिलिमीटर दांडीचं, आकड्यांचं घ्या आणि आकडा घरीच लावून दोनदा उघडून बघा. एक पातळ चादर, पंचा, साबण, रबरी चपला, कानात घालायचे बोळे. चार्जरची वायर दोन मीटरची, कारण प्लग हमखास पायाशी असतो.

बेड निवडायला मिळाला तर दार आणि संडासाजवळचा सोडा. एसी असेल तर थेट झोताखालचा वरचा बेड नको, पहाटे घसा धरतो. एसी नसेल तर वरच्या बेडवर उठून बसण्याआधी पंखा किती जवळ आहे ते बघा. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्याने खालचाच मागावा.

बॅग बेडवर टाकण्याआधी ढेकूण बघायचे. मोबाइलचा टॉर्च लावा, चादर कोपऱ्यातून उचला, गादीच्या शिवणीवरून बोट फिरवा. मग पलंगाचे सांधे आणि स्क्रूची भोकं. जिवंत ढेकूण दिवसा दिसेलच असं नाही. शाईच्या पेनाची टोकं टेकवल्यासारखे काळे ठिपके शोधा. ओल्या बोटाने चोळले की तांबूस पसरतात. तसं दिसलं तर बेड नव्हे, खोली बदलून मागा. शेजारचा बेड घेऊन काही साधत नाही, ढेकूण सांध्यांतून आणि भिंतीच्या फटींतून तिथेही येतात.

जेवायचं लवकर आटपा. फोर्ट हा ऑफिसांचा भाग. संध्याकाळी माणसं लोकलला लागली की गल्ल्या ओस पडतात आणि रविवारी तर बरीच खाऊची दुकानं उघडतच नाहीत. रविवारी मुक्काम असेल तर शनिवारीच बघून ठेवा काय उघडं असतं ते.

सकाळी ७ ते ९ न्हाणीघरासमोर रांग लागते आणि गरम पाणी पहिल्या दोघा-तिघांतच संपतं. ११ ची मुलाखत असेल तर साडेपाचला उठा किंवा रात्रीच अंघोळ उरका. सकाळचे कपडे आणि कागदपत्रं रात्री कापडी पिशवीत वेगळी काढून ठेवा. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवणाऱ्याला अख्खी खोली मनातून शिव्या घालते, आणि ते योग्यच आहे. गजर फक्त व्हायब्रेशनवर, फोन उशीखाली. पावसाळ्यात धुतलेलं काही रात्रीत वाळत नाही, तेव्हा एक जोड जास्त आणा.

चेक-आउट बहुधा १० किंवा ११ ला, आणि मंत्रालयात सर्वसामान्यांना प्रवेश दुपारनंतर. म्हणजे परतीच्या दिवशीही बॅगेचा तोच प्रश्न. ती काउंटरवर ठेवणार असाल तर पावती किंवा बॅगेचा फोटो घ्या, पैसे-दागिने-मूळ प्रमाणपत्रं अंगावर ठेवा, आणि काउंटर किती वाजता बंद होतो ते विचारूनच बाहेर पडा. घरी गेल्यावर बॅग आधी गच्चीत किंवा अंगणात उघडा, आणि कपडे थेट कढत पाण्यात.