पोळी-भाजी केंद्राचं लायसन्स काढताय? या चुका टाळा

पुण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दुपारी गर्दी ओसरली की कुणीतरी हमखास येतं. "ताई, फक्त दोन मिनिटं, फूड लायसन्सचं विचारायचं होतं." दोन मिनिटांचा अर्धा तास होतो, आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुणी ओळखीचा एजंट आहे का?" आहे. मीही एकाला गाठलं होतं. २०२१ ची गोष्ट. त्याने सात हजार मागितले. तेव्हा माझ्यासारख्यांना राज्य परवान्याची सरकारी फी वर्षाला दोन हजार होती, हे मला मागाहून कळलं. मी पैसे दिले, आधार आणि भाडेकरार दिला आणि निर्धास्त झाले. त्याने फॉसकॉस या फूड लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर माझ्या नावाचं खातं उघडलं, पण मोबाइल नंबर स्वतःचा टाकला, ईमेलही स्वतःचा. अन्न व औषध प्रशासनाने शंका काढली, की नकाशात भांडी घासायची जागा दाखवलेली नाही आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल जोडलेला नाही. तो निरोप गेला एजंटाच्या मोबाइलवर, आणि साहेब गावाकडे लग्नात! शंकेला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी अर्ज फेटाळला गेला, भरलेली फी बुडाली. मी मात्र रोज "सरकारी काम आहे, वेळ लागायचाच" म्हणत खात्याच्या नावाने बोटं मोडत होते.

दुसरा अर्ज मी स्वतः भरला. दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक स्कॅन केलेल्या फायलींचा आकार कमी करण्यात गेली. नकाशासाठी भाच्याकडून आलेखाचा कागद आणला, टेपने खोली मोजली आणि कणीक कुठे मळतो, शेगडी कुठे, मोरी कुठे, कच्ची भाजी कुठून आत येते हे पेन्सिलीने काढलं. माझा तो नकाशा चालला. अजूनही माझी सवय अशी, की सोमवारी आणि गुरुवारी चहा घेता घेता पोर्टल उघडून अर्जाची स्थिती बघायची. एसेमेसवर माझा भरवसा नाही. एजंट करायचाच असेल तर खुशाल करा, पण मोबाइल आणि ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत. एवढं सांगितल्यावर जो कुरकुर करेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पोर्टल शोधतानाही जरा बघा. गूगलवर सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा खाजगी सल्लागारांच्या जाहिराती असतात. दिसायला अगदी सरकारी, तिरंगाबिरंगा लावलेल्या. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर कार्ड बाहेर काढू नका.

माझी दुसरी लाडकी चूक म्हणजे व्यवसायाचा प्रकार चुकीचा निवडणं. ओळखीतल्या एक वहिनी घरी चिवडा-चकल्या करतात. हात असा, की दिवाळीच्या आधी महिनाभर फोन ठेवायला फुरसत नाही. त्यांनी नोंदणी करताना 'किरकोळ विक्रेता' निवडलं. का? तर "मी विकतेच ना!" अहो, पण बनवताही तुम्हीच! जो पदार्थ बनवतो तो उत्पादक, दुसऱ्याचा बंद पुडा विकतो तो विक्रेता. हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही, कारण दिवाळी जवळ आलेली आणि घाई झालेली. दोन हजार लेबलं छापून झाली. एका मोठ्या दुकानाने माल ठेवायला होकार दिला, आणि तिथल्या खरेदीवाल्या मुलाने लेबलवरचा नोंदणीचा नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. उत्पादक म्हणून छापलेलं नाव तिथे विक्रेता निघालं. माल परत. लेबलं अजून त्यांच्या माळ्यावर आहेत, नातू मागच्या बाजूला चित्रं काढतो.

तो चौदा आकडी नंबर वाचायला शिका. पहिला आकडा २ असेल तर साधी नोंदणी, १ असेल तर परवाना. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यानंतरचे दोन वर्षाचे. दुसऱ्याचा नंबर लेबलवर टाकणारे महाभाग याच्यावरूनच पकडले जातात.

"आमचं छोटंसं आहे, नोंदणीत भागेल," असंही लोक म्हणतात. छोटं-मोठं ठरतं ते उलाढालीवर, नफ्यावर नाही. २०११ च्या नियमावलीने नोंदणीसाठी रेघ आखली ती वर्षाला बारा लाखांची, आत असाल तर नोंदणी, वर गेलात तर परवाना. म्हणजे वर्षातले तीनशे दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला चार हजारांचा गल्ला. पन्नास रुपयांची ऐंशी पार्सलं गेली की झाले चार हजार. या मर्यादा आणि फी बदलतात, तेव्हा मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय भरलं ते विचारू नका, अर्ज भरताना पोर्टलवर काय लिहिलंय ते बघा.

पत्ता सगळीकडे अक्षरशः एकच हवा. करारात 'गाळा नं. ३', वीजबिलात 'शॉप नं. ३' आणि अर्जात नुसतं 'तळमजला' असेल, तर शंका येणारच.

परवाना त्या जागेचा असतो. जागा बदलली की नवा अर्ज. दुसरी शाखा काढली की तिचा वेगळा.

चालतं हॉटेल विकत घेतलंत म्हणून जुन्या मालकाचं लायसन्स तुमचं होत नाही. तो कितीही म्हणो, "राहू द्या हो, चालतंय."

गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, हे फूड लायसन्स नव्हे. दोन्ही वेगळे.

पाण्याचा नमुना कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीतून नेऊ नका. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते, ती आधी आणायची.

घरगुती लाल सिलिंडरवर धंदा करू नका. तो १४.२ किलोचा स्वयंपाकघरासाठी, धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक.

हाताखालच्या बायकांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करून घ्या. मी ती संक्रांतीनंतरच्या आठवड्यात उरकते, लक्षात राहते.

आणि परवाना गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा, बिलावरही नंबर छापा. आमच्या गल्लीतल्या एकाने तो फ्रेम करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलाय आणि रोज दोघांना एकच लांब हार घालतो. नंबर झेंडूखाली.