पोटाला मुका मार: गाडी पोहोचेपर्यंतची तयारी

‘मोटारसायकल घसरली, पोटाला मुका मार, पंधरा मिनिटांत पोहोचतो,’ असा १०८ च्या डॉक्टरांचा फोन येतो. तालुक्याच्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी हे लिहितेय, कारण या पंधरा मिनिटांत बरंच काही ठरतं.

पहिला फोन ब्लड बँकेला. पेशंटचा गट माहीत नसला तरी ओ गटाच्या पिशव्या किती आहेत ते विचारा, आणि तरुण बाई असेल तर ओ निगेटिव्हच मागा. लगेच दुसरा फोन सर्जन आणि भूलतज्ज्ञांना. आपल्याकडे ते नसतील तर जिल्हा रुग्णालयाला आत्ताच कळवा. ‘आधी तपासू, मग कळवू’ म्हटलं की अर्धा तास गेलाच.

सिस्टर तोवर १६ नंबरच्या राखाडी सुया आणि क्रॉसमॅचच्या (रक्त जुळवून बघण्याच्या) बाटल्या काढतील. सलाईन कोमट हवं, पंखा बंद हवा. गारठलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही. सलाईन धो धो सोडू नका, रक्त पातळ होऊन वाहतच राहतं. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम १० मिनिटांत द्यायचं, तेही मार लागल्यापासून ३ तासांच्या आत. म्हणून अपघाताची वेळ आल्या आल्या विचारून केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा. मामांना (वॉर्डबॉयना) स्ट्रेचरवर चादरीची वीतभर घडी आडवी अंथरायला सांगा. ओटीपोटाचं हाड मोडलेलं वाटलं तर ती बांधायची, पण कमरेला नव्हे, खुब्यांच्या पातळीवर. लघवीची नळी घालण्याआधी मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त नाही ना, ते बघा.

कपडे कापा आणि पोट उजेडात बघा. नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे चालत आला होता. बेंबीच्या वर सायकलच्या हँडलचा रुपयाएवढा गोल वळ, बाकी काही नाही. सोनोग्राफी स्वच्छ. तरी ठेवून घेतला, तोंडाने काही दिलं नाही. पहाटे पोट फळीसारखं कडक झालं, आतडं फुटलं होतं. सोनोग्राफीत साठलेलं रक्त दिसतं, फुटलेलं आतडं सुरुवातीला बहुधा दिसत नाही. म्हणून ती पुन्हा करा, आणि पोट दर तासाला एकाच डॉक्टरने चाचपा. खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखत असेल तर प्लीहा (स्प्लीन) फाटल्याचा संशय धरा.

बीपीवर विसंबू नका. तरुण माणसाचं ३० टक्के रक्त जाईपर्यंत ते टिकू शकतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं जवळजवळ सव्वा लिटर. नाडी आधी वाढते. दर १५ मिनिटांनी स्वतः मोजा. पहिलं हिमोग्लोबिनही फसवं असतं.

पोटात रक्त आहे आणि बीपी सावरत नाही, तर सीटी नाही, थेट थिएटर. बीपी स्थिर असेल तर सीटी करा. अशा पेशंटची फाटलेली प्लीहा किंवा यकृत बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय भरून येतं, पण रक्त आणि सर्जन हाताशी असतील तिथेच. नसतील तर सोबत सिस्टर, चालू सलाईन आणि नाडीचा तक्ता देऊन पुढे पाठवा. नातेवाइकांना ‘आत रक्त वाहतंय, बाहेरून दिसत नाही’ हे सोप्या शब्दांत सांगा.

प्लीहा काढलेला पेशंट पुढे टाके काढायला आपल्याकडेच येतो. तेव्हा कार्डावर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी) या जंतूंविरुद्धच्या लशींची नोंद शोधा. नसेल तर त्याच दिवशी लशींची सोय लावा, आणि ताप आला की तडक यायला सांगा.