बाण डावीकडंच का जातो? रिकर्व्ह धनुष्य शिकताना या चुका टाळा

मोबाईलवर अमेरिकेतले हरणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघून पारंपरिक रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेल्या) धनुष्याचं वेड घेतलेली मंडळी आता सोलापुरातही भेटतात. नेम धरायची साइट नाही, पुली नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. लाकडी रायझर (मुठीचा मधला भाग), दोन लिंब (वर-खालच्या लवचिक पट्ट्या), एक दोरी आणि डोळ्याचा अंदाज, एवढाच मामला. वेड चांगलंच आहे. पण व्हिडिओतला गडी ४५ पौंडांचं धनुष्य सहज ओढतो, त्यामागची वर्षं व्हिडिओत येत नाहीत. इथं तेच करायला गेलं की खांदा धरतो, बाण शेतात हरवतात आणि धनुष्य माळ्यावर जाऊन बसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगून टाकतो, कारण तिचा नेमाशी काही संबंध नाही. सोलापूरजवळ नान्नज, मार्डी, वडाळ्याकडं गेलं की काळविटांचे कळप रस्त्यावरूनसुद्धा दिसतात. हात शिवशिवतात, कबूल. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड आहे. शिकार म्हणजे जीव घेणं एवढंच कायदा मानत नाही. सापळा लावणं, त्यासाठी हुसकावणं, आमिष टाकणं आणि नुसता प्रयत्न करणंही त्यात धरलंय. शस्त्राच्या व्याख्येत तर धनुष्यबाणाचं नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय धनुष्य घेऊन शिरलात, की बाण न मारताही अडकलात. कळप ज्वारी-हरभऱ्यात घुसतो ही शेतकऱ्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण तिचा रस्ता वनखात्याकडं अर्ज, पंचनामा आणि भरपाईचा आहे.

मग हरीण कुठलं? फोमचं. थ्री-डी आर्चरी नावाचा रीतसर खेळ आहे. झाडाझुडपांत फोमचे प्राणी उभे करतात, अंतर सांगत नाहीत, आपणच अदमास घ्यायचा. जागतिक स्पर्धेत बेअरबो (साइट नसलेलं धनुष्य) आणि ट्रॅडिशनल गटांना हे अंतर ३० मीटरपर्यंत असतं आणि गुण ११, १०, ८, ५ असे मिळतात. शिकाऱ्याला लागणारं जवळपास सगळं कसब यात येतं, कोणाचा जीव न जाता. जिथं परवाना काढून धनुष्याने शिकार करता येते त्या देशांतले लोकही सराव यावरच करतात.

जड धनुष्य: अर्ध्या दुखण्यांचं मूळ

शिकणाऱ्याच्या दहा तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या निम्म्या एकाच ठिकाणी येऊन थांबतात: धनुष्य झेपत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी ३५ किंवा ४० पौंडांची किमान अट असते. ते ऐकून इथला पोरगा पहिलंच धनुष्य ४५ पौंडांचं मागवतो. ४५ पौंड म्हणजे २० किलो. दारात येतो तो पाण्याचा मोठा जार तीन बोटांवर लटकवून, वर निवांतपणे नेम धरायचा, असा तो प्रकार आहे. शरीर मग आपसूक चोरवाटा शोधतं. खांदा कानाकडं चढतो, डोकं दोरीकडं पुढं येतं, दोरी गालापर्यंत पोचायच्या आत सुटते. एकदा ही सवय अंगात मुरली की नंतर हलकं धनुष्य दिलं तरी जात नाही. हेच खरं नुकसान.

मोठ्या माणसाने २० ते २५ पौंडांवर सुरुवात करावी. लाज वाटायचं काही कारण नाही. टेकडाउन म्हणजे सुटं होणारं धनुष्य घ्या. पुढं फक्त लिंब बदलून वजन वाढवता येतं, रायझर तोच राहतो. आणखी एक हिशोब लोक विसरतात. लिंबवर छापलेलं वजन २८ इंच ओढीचं, म्हणजे दोरी तेवढी मागं ओढल्यावरचं असतं. तुमची ओढ त्याहून कमी असेल तर दर इंचाला साधारण दोन-अडीच पौंड कमी धरा, जास्त असेल तर तेवढे वाढवा. ओढ मोजायची सोपी रीत: दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात माप घ्या आणि २.५ ने भागा.

वजन झेपतंय का हे ओळखायला एक कसोटी पुरते. पूर्ण ओढा, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवा, तीन आकडे मोजा आणि बाण न सोडता दोरी हळू परत आणा. हात थरथरला, बोट ओठावरून निसटलं किंवा परत आणताना धनुष्याने तुम्हाला ओढलं, तर ते धनुष्य अजून तुमचं नाही. बाण आपोआप सुटण्याच्या रोगावरही हाच उपाय आहे. चार बाण मारा आणि पाचवा ओढून परत आणा. मधूनमधून निशाणापासून तीन-चार पावलांवर उभं राहून डोळे मिटून मारा. नेमाचं भूत डोक्यातून उतरतं आणि पाठीचे स्नायू काय करतायत ते कळायला लागतं.

"एम बरोबर हाय, बाण डावीकडंच जातंय की!"

उजव्या हाताने मारणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलटं वाचावं.) आणि ठरलेला उतारा म्हणजे नेम उजवीकडं धरायचा. तो चालतोही, आठवडाभर. मग अंतर बदललं की सगळं फिसकटतं. कारण शोधल्याशिवाय नेम हलवू नका.

आधी डोळा तपासा. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून त्यातून लांबचा विजेचा खांब बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब खिडकीत दिसत राहतो तो तुमचा बलवान डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर बाण डावीकडं जाणारच. अशा वेळी डावा डोळा मिटून मारा, किंवा अजून नवखेच असाल तर सरळ डाव्या हाताचं धनुष्य घ्या.

डोळा ठीक निघाला की बाणाकडं या. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड (पुलीच्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेती झाली तेव्हापासून आपल्या भागात पोरंपोरी आर्चरीकडं वळली, फार चांगलं झालं. पण कंपाउंडवाल्या मित्राचे उरलेले बाण घेऊन रिकर्व्हवर मारणारेही वाढले. ते जमत नाही. बाणाचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, धनुष्याच्या ताकदीला जुळावा लागतो. कार्बनच्या बाणावरचा आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. कंपाउंडचे ३४० किंवा ४०० चे बाण २५-३० पौंडांच्या रिकर्व्हला फारच ताठ पडतात; तिथं ७०० ते १००० च्या पट्ट्यात शोधावं लागतं. बाण सुटताना रायझरला वळसा घालून जातो, म्हणजे त्याला थोडं वाकावंच लागतं. ताठ बाण वाकत नाही, रायझरला घासतो आणि डावीकडं फेकला जातो. वर त्याला प्लास्टिकची पिसं असली आणि तुम्ही रेस्ट (बाण टेकवायचा आधार) न लावता शेल्फवरूनच, म्हणजे रायझरच्या खाचेतल्या कट्ट्यावरूनच मारत असाल, तर पिसं शेल्फवर आपटून आणखी गोंधळ. शेल्फवरून मारायचं तर खरी पिसं लावलेलाच बाण हवा, ती दबून निघून जातात.

नक्की दोष कोणाचा हे बिनपिसांचा बाण सांगतो. सारख्याच जातीच्या दोन-तीन बाणांची पिसं काढा आणि दहा-बारा पावलांवरून पिसांचे आणि बिनपिसांचे आलटून पालटून मारा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडं रुतत असतील तर बाण ताठ आहे. टोकाला जड पॉइंट लावा किंवा लांब बाण घ्या. उजवीकडं रुतले तर बाण मऊ. पॉइंट हलका करा किंवा बाण थोडाथोडा कापून आखूड करा. वर-खालीचा हिशोबही इथंच लागतो: बिनपिसांचा बाण खाली गेला तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची खूण) जरा खाली सरकवा, वर गेला तर वर. बाण दोरीला काटकोनात बसतो त्या जागेच्या अर्धा इंच वर ठेवून सुरुवात केलेली बरी.

आणि दोन्ही प्रकारचे बाण एकाच जागी रुततायत, पण सगळेच डावीकडं? मग सामान निर्दोष आहे, हात तपासा. बहुतेक वेळा बोटं दोरी सोडत नाहीत, गालापासून बाजूला उपटतात. सोडल्यावर उजवा हात कुठं गेला ते बघा. कानामागं, मानेला घासत गेला तर ठीक. हवेत बाजूला लटकत असेल तर चोर सापडला. दोरी बोटांच्या टोकांवर धरणाऱ्यांचं असं हमखास होतं, ती पहिल्या पेऱ्याच्या खाचेत बसायला हवी. सोडताना बोटं उघडायची नाहीत, त्यांच्यातला जोर काढून घ्यायचा.

बारीकसारीक कुरबुरी

बाण ओढताना शेल्फवरून पडतो? वरची दोन बोटं नॉकला, म्हणजे बाणाच्या मागच्या खाचेला चिमटा काढतायत. बोटांत जरा फट ठेवा. तरीही पडत असेल तर तिन्ही बोटं बाणाखाली धरून बघा; बाण डोळ्याजवळ येतो आणि जवळच्या अंतरावर नेमही सोपा जातो. बाण खाली जातायत? सोडताक्षणी धनुष्याचा हात पडतोय, बाण रुतल्याचा आवाज येईपर्यंत तो जागचा हलू देऊ नका.

दोरी कोपराजवळ सटासट लागते आणि निळे वळ उठतात, तर कोपर आतल्या बाजूला वळलंय. ते बाहेर फिरवा, धनुष्य मुठीत आवळू नका, अंगठ्याच्या मांसल भागावर टेकवा. आर्मगार्ड लावाच, पण तो उपाय नाही. धनुष्य फारच खणखणत असेल तर दोरी आणि ग्रिपमधलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट मोजा. ६० इंची धनुष्याला ते साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच असतं, पण बनवणाऱ्याने दिलेला आकडा प्रमाण. कमी असेल तर दोरी उतरवून पीळ वाढवा.

पाहुणे आणि मे महिना

धनुष्यं सरावात क्वचितच तुटतात, घरात तुटतात. दसऱ्याला पूजेत ठेवलेलं धनुष्य कोणीतरी काका उचलतात, "बघू बघू" म्हणत ओढतात आणि बाण न लावताच सोडून देतात. बाणात जायची सगळी ताकद लिंबमध्येच उलटते. लिंब तडकतो, कधी त्याचे थर सुटतात. दोरी उतरवून ठेवलेलं धनुष्य कोणाला ओढताच येत नाही, म्हणून सराव संपला की दोरी उतरवाच. चढवताना-उतरवताना स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) वापरा. पाय अडकवून मांडीवर वाकवायची जुनी रीत लिंब पिळून टाकते. फार हलका बाणही धनुष्याला असाच मारतो. पौंडामागं दहा ग्रेन वजन धरा. ४० पौंडांना ४०० ग्रेन, म्हणजे जवळजवळ २६ ग्रॅम.

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. लिंबचे थर चिकटवलेले असतात, ही भट्टी त्यांना सोसत नाही. दोरी चढवलेलं धनुष्य डिकीत ठेवून सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलात तर परत येईपर्यंत लिंबला पीळ बसलेला असू शकतो. सकाळी सहा ते आठ मारा. वारंही तेव्हाच पडलेलं असतं.

निशाण घरीच करा, पण पाठ राखा

विकतचं निशाण महाग पडतं. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं गाव आपलं, चिंध्यांना काय तोटा! तागाच्या पोत्यात चिंध्या गच्च ठासून भरा, काठीने कोपऱ्यांत सारा, तोंड शिवा. ढिलं भरलं तर बाण आरपार जातो. साध्या पॉइंटला हे पोतं मस्त चालतं. पात्याचे टोक मात्र यात मारू नका, चिंध्या पात्यांना गुंडाळतात आणि बाण निघत नाही. कडब्याची गंजी दिसायला बरी दिसते, पण बाण गिळते.

पोत्यामागं मातीचा उंच बांध हवा. बाभळीची रांग किंवा उभा ऊस हा आडोसा नव्हे. उसात गेलेला बाण तोडणीपर्यंत सापडत नाही, आणि तोडणाऱ्याच्या पायात सापडला तर वाईट. कार्बनचा बाण प्रत्येक फेरीआधी वाकवून ऐका. करकर आवाज आला की मोडून टाका. असा बाण सुटताना हातात फुटू शकतो.

अंतराचा हव्यास

आठ इंची कागदी प्लेट लावा. हरणाचा काळीज-फुफ्फुसाचा भाग साधारण तेवढाच असतो. सकाळी गेल्यागेल्या, हात गरम व्हायच्या आधी, ज्या अंतरावरून पहिला बाण रोज प्लेटमध्ये बसतो, ते तुमचं अंतर. दहावा बाण धरायचा नाही. बहुतेकांचं ते १२ ते १५ मीटरच निघतं, आणि मुरलेले पारंपरिक शिकारीही साधारण २० यार्डांच्या (१८ मीटरच्या) आतच थांबतात. त्याला कारण आहे. रिकर्व्हचा बाण सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो. १८ मीटरला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. बिचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, नुसता जखमी करतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. पात्याने रक्तवाहिन्या कापल्या जाव्या लागतात, म्हणून जागा चुकली की जनावर तडफडत लांब जातं.

फोमच्या हरणावरही म्हणूनच बरोबर त्याच्या कुशीसमोर उभं राहून कोरलेल्या गोलावर मारत बसू नका. हरीण जरा तिरकं, शेपूट तुमच्याकडं येईल असं वळवा. गुडघ्यावर बसून मारा. बाण कुठं शिरतो यापेक्षा पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत कुठून निघेल ते आधी ठरवा, आणि मगच दोरीला हात घाला.