पालावर पहिल्यांदा जाताना

समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) संपवून मी पुण्यात फासेपारधी वस्त्यांवर काम करू लागले. फासेपारधी म्हणजे पूर्वी फासे लावून शिकार करणारी भटकी जमात, आणि पाल म्हणजे त्यांची तंबूसारखी झोपडी. पहिल्याच दिवशी पालासमोर बसून वही उघडली आणि घरात माणसं किती, मुलं किती, असं विचारत सुटले. बायका गप्प. एक आजी तेवढी बोलली, "बाई, आमची नावं कशापायी लिवून घेतीस?"

तो प्रश्न कळायला मला सहा महिने लागले. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागला आणि पारधीही त्यात आले. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. १९५२ साली कायदा गेला, संशय गेला नाही. आसपास चोरी झाली की आजही आधी पालावर चौकशी होते. नाव लिहून घेणारं माणूस म्हणजे संकट, हे या घरांत मुरलेलं आहे. म्हणून नव्यानं येणाऱ्यांनी सुरुवातीचे काही आठवडे वही पिशवीतच ठेवावी. चहा दिला तर प्यावा, सिग्नलवर गजरे विकायला निघालेल्या बाईबरोबर चार पावलं चालावं.

मग कागदपत्रं. यातच बहुतेक वेळ जातो, त्याची तयारी ठेवा. पालावर जन्मलेल्या मुलाची नोंद नसते. वर्षाहून जास्त उशीर झाला की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पण तोवर शाळा थांबवायची गरज नाही: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १४ पाठ करा. जातीचा दाखला त्याहून अवघड. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो, तोही मूळ गावच्या जिल्ह्यात. ज्यांना कोणी गावात टिकू दिलं नाही, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून? भावकीतल्या कोणाचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीतली, नोंद सापडते का, ते शोधत फिरावं लागतं.

सुरुवातीला मी एकटीच अर्ज घेऊन कार्यालयात जायची. काम लवकर व्हायचं, पण जिचा अर्ज असायचा ती बाई पुढच्या वेळी पुन्हा माझीच वाट बघत बसायची. आता खिडकीपाशी ती बोलते, मी मागे उभी राहते. दुप्पट वेळ लागतो, तरी हेच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

शाळेत प्रवेश झाला की प्रश्न सुटला, असं मी समजायचे. एका शाळेत आमच्या वस्तीवरचा सात वर्षांचा मुलगा महिनाभर तोंडच उघडेना. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "त्याला समजत नाही हो काही." घरची बोली गुजरातीला जवळची, वर्गातली मराठी त्याला परकी, एवढंच होतं. शिक्षकांना हे स्पष्ट सांगा, आणि एक-दोनदा आईला वर्गात बसवा.

आम्ही बसवलं. पक्ष्यांचा धडा चालू होता. या घरांचा शिकारीचा धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंद झाला, पण पाखरांची ओळख राहिली आहे. आईनं हळूच काही सांगितलं आणि पोरानं तितराचा आवाज काढला. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "परत कर ना!"